मराठी सत्ता टिकली असती तर? : सुपे परगण्यातून एक आढावा

मराठ्यांची सत्ता १८१८ मध्ये बुडाली नसती तर हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य झाले असते का, हा प्रश्न पेशवाई गेल्यापासून मराठीत विचारला जात आहे. निबंध, ग्रंथांच्या प्रस्तावना, कादंबऱ्या, कथा अशा सगळ्या वाटांनी त्याची उत्तरे शोधली गेली. बहुतेक उत्तरे रणांगणावर शोधली गेली आहेत. पानिपतावर विश्वासराव पडला नसता तर, असईला होळकर आला असता तर, आष्टीला बापू गोखले वाचला असता तर, अशी ती मांडणी असते. हा आढावा त्याच प्रश्नाकडे एका परगण्यातून पाहतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या परिसरात, आजच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा जिरायती मुलूख पसरला आहे. सुपे आणि इंदापूर हे इथले जुने परगणे. भोसल्यांच्या जहागिरीपासून ते १८७५ च्या शेतकऱ्यांच्या दंग्यांपर्यंत मराठी सत्तेच्या आणि तिच्या अस्ताच्या महत्त्वाच्या वळणांची खूण या मुलखात सापडते. मुख्य म्हणजे लढायांच्या वर्णनात मागे पडणारी एक गोष्ट इथे ठळक दिसते, ती म्हणजे पैसा : कर्ज, सारा, सरंजाम आणि सावकारी.

जर-तरच्या इतिहासाला एक शिस्त लागते. जो पर्याय त्या काळच्या माणसांसमोर खरोखर होता, ज्याचा त्यांनी विचार केला होता आणि जो थोडक्यात हुकला, त्याचाच विचार अभ्यासाच्या पातळीवर करता येतो. निव्वळ योगायोग उलटा फिरवून जग बदलायचे असेल तर ते काम कथाकाराचे. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ते उत्तम केले आहे. विश्वासरावाला लागलेली गोळी चुकते, मराठे पानिपत जिंकतात आणि ईस्ट इंडिया कंपनी किनाऱ्यावरच्या काही ठाण्यांपुरती उरते, असे जग त्यांनी रंगवले. विज्ञानातील अनिश्चिततेचा विचार इतिहासाला लावून पाहण्याचा तो प्रयोग होता आणि कथा म्हणून तो पूर्ण यशस्वी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र पुढे विचारावे लागते : गोळी चुकली असती तरी फौजेचा थकलेला पगार कुठून आला असता?

सुप्याची पहिली नोंद घेण्याजोगी घटना १६५६ ची. पुणे आणि सुपे हे परगणे मालोजीराजांच्या काळापासून भोसल्यांकडे होते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे मानले जाते आणि त्यांची समाधी तिथे दाखवली जाते. शहाजीराजे कर्नाटकात गेल्यावर सुप्याचा कारभार संभाजी मोहिते यांच्याकडे होता. ते शिवाजीराजांची सावत्र आई तुकाबाई यांचे बंधू, म्हणजे राजांचे मामा. त्यांनी भाच्याचा अंमल मानला नाही. राजांनी अचानक सुप्यावर जाऊन त्यांना कैद केले, द्रव्य आणि घोडे ताब्यात घेतले, समजूत पटेना तेव्हा मामांची रवानगी शहाजीराजांकडे कर्नाटकात केली आणि सुपे महाल थेट आपल्या कारभारात आणला. बखरकारांनी ही हकीकत रंगवून सांगितली आहे. तिचे खरे महत्त्व राज्यव्यवस्थेत आहे. नाते, वतन आणि जहागीर यांच्या आधाराने उभी राहिलेली स्वतंत्र ठाणी मोडून महसूल एका खजिन्यात आणायचा आणि चाकरांना तिथून रोख वेतन द्यायचे, हा शिवाजीराजांच्या राज्याचा पाया होता. पुढच्या दीडशे वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक ‘जर’चे मूळ या पायाशी जाऊन पोचते. राजाराम महाराजांच्या काळात, औरंगजेबाशी जगण्या-मरण्याची झुंज चालू असताना, सरदारांना मुलूख तोडून देण्याची, म्हणजे सरंजामाची, पद्धत पुन्हा सुरू झाली. त्या वेळी तिला इलाज नव्हता. नंतर ती मोडण्याची ताकद कोणत्याही छत्रपतीत किंवा पेशव्यात उरली नाही.

टोपीकरांविषयीचे, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयीचे, धोरणही याच पहिल्या पिढीत ठरले होते. १६६१ मध्ये राजापूरची इंग्रज वखार लुटली गेली. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर आला आणि तह झाला. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यावरून मराठी आरमाराची मुंबईकर इंग्रजांशी थेट झुंज झाली आणि बेट मराठ्यांकडे राहिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त या अनुभवाचे सार आले आहे. टोपीकर हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, व्यापारासाठी त्यांना येऊ द्यावे पण किनाऱ्याजवळ पक्की जागा देऊ नये, असा त्याचा आशय. युरोपीय व्यापारी कंपनीचे स्वरूप इतक्या लवकर आणि इतके नेमके ओळखणारे राजनीतीचे लेखन त्या काळच्या हिंदुस्थानात दुर्मिळ आहे. म्हणून मराठ्यांना इंग्रज कळलेच नाहीत, हे सरसकट विधान टिकत नाही. कळलेले धोरण राबवणारी यंत्रणा पुढे राहिली नाही, असे म्हणणे जास्त बरोबर.

समुद्राच्या बाबतीत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. कान्होजी आंग्र्यांनी १७२९ पर्यंत कोकण किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही दाबून ठेवले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीजांची सत्ता संपवली. त्यानंतर सतरा वर्षांत नानासाहेब पेशव्याने तुळाजी आंग्र्याला मोडण्यासाठी इंग्रजांचीच मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या मोहिमेवर ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह हे दोघे होते, आणि पुढच्याच वर्षी, जून १७५७ मध्ये, प्लासीची लढाई झाली तेव्हाही बंगालच्या मोहिमेवर हेच दोघे होते. तुळाजीचे वर्तन उद्दाम होते, पेशव्याच्या ब्राह्मण प्रजेवर त्याने अत्याचार केले होते, असे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण तुळाजीला काढून आरमार ठेवता आले असते. हा पर्याय पेशव्याच्या हातात होता आणि तो गमावल्याची भरपाई पुढे कधीच झाली नाही.

आता बारामतीकडे वळावे लागते, कारण मराठी राज्याच्या पैशाची कथा तिथे एका घराण्यात एकवटली आहे. बाबूजी नाईक जोशी हे बारामतीचे सावकार. कऱ्हेच्या काठावरचा त्यांचा भुईकोट वाडा आजही बारामतीत उभा आहे, आणि त्यांच्याच आश्रयाने कवी मोरोपंत बारामतीत राहिले. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक हे पेशवे घराण्याचे जावई होते. पहिल्या बाजीराव पेशव्याची बहीण भिऊबाई त्यांना दिली होती. बाजीरावाच्या उत्तरेकडच्या मोहिमा ज्या कर्जावर चालल्या त्यात नाईकांचे कर्ज मोठे होते. माळवा आणि बुंदेलखंड जिंकणारा हा सेनापती ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याविषयी काकुळतीने लिहितो. चौथाई आणि सरदेशमुखी वसूल होई ती मोहीम संपल्यावर, तीही तुटक. फौजेला मात्र पैसे आधी लागत. ही तफावत सावकार भरून काढी. जिंकलेला मुलूख सरदारांत वाटला जाई आणि कर्ज पेशव्याच्या नावावर राही.

२८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव रावेरखेडीला वारला. पेशवाई कोणाला द्यावी हा प्रश्न साताऱ्याच्या दरबारात उभा राहिला तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्याने बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. कर्जफेडीचा तगादा हे नाईकांचे हत्यार होते. शाहू महाराजांनी त्यांचा दावा मानला नाही आणि जूनमध्ये पेशवाईची वस्त्रे नानासाहेबाला दिली. पुरंदऱ्यांच्या मदतीने कर्जाची तजवीज झाली. नंतर नाईकांना कर्नाटकाची मामलत मिळाली, पण ती त्यांना पेलली नाही. बारामतीचा सावकार पेशवा झाला असता तर काय झाले असते, हा या परगण्याचा स्वतःचा ‘जर’ आहे. नाईकांचे गुणगान किंवा निंदा करण्यासाठी त्याचा उपयोग नाही. त्यांच्या कर्नाटकातल्या अपयशावरून राज्य सांभाळण्याची कुवत त्यांच्यात होती असे वाटत नाही. उपयोग आहे तो दुसराच : या प्रसंगातून नागपूरकर भोसले आणि पेशवे यांचे वैर पक्के झाले आणि ते बंगालपर्यंत पोचले.

रघूजीच्या फौजा १७४१-४२ पासून बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवा स्वतः बंगालमध्ये उतरला, तो रघूजीच्या मदतीला नव्हे. मोगल बादशहाच्या वतीने, नवाब अलिवर्दीखानाकडून चौथाईचे वचन घेऊन, त्याने रघूजीलाच मागे हटवले. शाहू महाराजांनी त्याच वर्षी दोघांचे मुलूख वाटून दिले, पण घाव राहिला. पुढे १७५१ मध्ये भोसल्यांना ओरिसा आणि १२ लाख रुपयांची चौथाई मिळाली. बंगालचा खजिना मात्र नवाबाकडेच राहिला आणि चौदा वर्षांनी, १७६५ मध्ये, त्याची दिवाणी कंपनीकडे गेली. इंग्रजांनी पुढे म्हैसूर आणि मराठे यांच्याशी जी युद्धे केली त्यांचा मोठा आधार हा बंगालचा महसूल होता. पुणे आणि नागपूर १७४३ मध्ये एक झाले असते तर बंगाल मराठ्यांकडे आला असता, हे खात्रीने सांगता येणार नाही. मराठी स्वाऱ्यांनी बंगालच्या रयतेचे जे हाल केले त्यांची आठवण तिथल्या लोकगीतांत राहिली आहे, आणि अशा प्रकारे मिळवलेला अंमल टिकला असता का हा रास्त प्रश्न आहे. तरीही इंग्रजी सत्तेच्या उदयात निर्णायक ठरलेल्या प्रांतात मराठे आधी पोचले होते आणि आपसातल्या स्पर्धेमुळे मागे फिरले, ही गोष्ट पानिपतापेक्षा जास्त लक्ष देण्याजोगी आहे.

पानिपताविषयी थोडक्यात सांगता येते, कारण त्यावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. वि. का. राजवाड्यांची १८९८ ची प्रस्तावना आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हे दोन टप्पे अभ्यासकांना माहीत आहेत. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाने मराठ्यांची एक पिढी गेली आणि नानासाहेब खचून जूनमध्ये वारला. पण अकरा वर्षांत माधवराव पेशव्याने निजाम आणि हैदर यांना नमवले आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्याने शहाआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर बसवले. म्हणजे पानिपताचे बरेचसे नुकसान भरून निघाले होते. पानिपताच्या त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडून दक्षिणेतली फ्रेंचांची ताकद मोडली, हे मात्र भरून निघाले नाही. हिंदी राजांना युरोपीयांमध्ये एकाविरुद्ध दुसरा उभा करण्याची जी मोकळीक होती ती त्या आठवड्यात फार आक्रसली. सयामने पुढच्या शतकात इंग्रज आणि फ्रेंच यांच्या मधल्या फटीत आपले स्वातंत्र्य राखले. मराठ्यांना तशी फट मिळाली नाही.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेला. वय २७. तो आणखी वीस वर्षे जगता तर, हा ‘जर’ मराठी मनाला सर्वांत जवळचा आहे. इतिहासकार ग्रँट डफनेही पानिपताच्या बरोबरीने या मृत्यूचे नुकसान मोजले. माधवरावाने मरणापूर्वी लिहून ठेवलेल्या कलमांत कर्जफेडीचा विषय होता, हे विसरू नये. तो जगला असता तर धाकटा भाऊ नारायणराव याचा खून, काका राघोबाचे इंग्रजांकडे जाणे आणि १७७५ चा सुरतेचा तह टळला असता, हे बहुधा खरे. खजिन्याचा आणि सरंजामाचा प्रश्न त्यालाही सोडवावा लागला असता.

जर-तरच्या कसोटीला सर्वांत चांगले उतरणारे वळण १७७९ ते १७८२ चे आहे. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या इंग्रज फौजेला कोंडून नाना फडणीस आणि महादजी यांनी शरणागतीचा करार करून घेतला. बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने तो करार नाकारला. तेव्हा नानाने पुणे, म्हैसूरचा हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची चौकडी उभी केली. सगळ्यांनी एकाच वेळी इंग्रजांच्या तिन्ही इलाख्यांवर चालून जायचे, असा बेत होता. हैदरने आपला शब्द पाळला आणि सप्टेंबर १७८० मध्ये पोळिलूरला इंग्रजांची एक पलटण पार बुडवली. निजामाला हेस्टिंग्जने सवलती देऊन बाजूला बसवले. बंगालवर जायला निघालेली भोसल्यांची फौज ओरिसात रेंगाळली आणि तिला पैसे देऊन थोपवण्यात आले. इंग्रज त्या वेळी अमेरिकेत आणि युरोपातही गुंतले होते. त्यांच्यावर इतका ताण पुन्हा कधी आला नाही. योजना नुसती कल्पना नव्हती, तिचा अर्धा भाग प्रत्यक्षात आला होता, आणि उरलेला अर्धा एका सरदाराच्या वैराने आणि इंग्रजांच्या थैलीने बिघडवला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना वीस वर्षांची उसंत दिली. त्या काळात त्यांनी काय केले? १७९० ते १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने हैदरचा मुलगा टिपू याच्यावर चालून गेले. नानाला धोका दिसत नव्हता असे नाही, पण टिपूकडून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळत होता.

महादजीने मात्र या उसंतीचा खरा उपयोग केला. द बॉयन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या राहिल्या, आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि पलटणींच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख लावून दिला. मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती फौज केली म्हणून ते हरले, हे जुने मत आता मागे पडले आहे. रँडॉल्फ कूपर यांच्या अभ्यासाने दाखवले की १८०३ मध्ये शिंद्यांचा तोफखाना कंपनीच्या तोडीचा होता. असईला आर्थर वेलस्लीच्या फौजेचे जे भयानक नुकसान झाले ते या तोफांमुळे. दोष फौजेत नव्हता, ती कोणाच्या नावाने उभी आहे यात होता. लढाई सुरू होण्याआधीच इंग्रजांनी शिंद्यांच्या युरोपीय अधिकाऱ्यांना पगार आणि पेन्शनची हमी देऊन फोडले. सुरत आणि बनारसचे सावकार कंपनीच्या हुंडीवर विश्वास ठेवत. शिंद्यांच्या सैनिकांना महिनोन्‌महिने पगार नसे. रणजितसिंहाची फौजही उत्तम होती, पण १८३९ मध्ये तो वारल्यावर दहा वर्षांत पंजाब गेला. चांगली पलटण आणि टिकाऊ राज्यसंस्था या वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटचे वळण पुन्हा याच मुलखातून गेले. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. विठोजीचा भाऊ यशवंतराव होळकर दक्षिणेत उतरला आणि ऑक्टोबर १८०२ च्या सुरुवातीला त्याचा सरदार फत्तेसिंग माने याने बारामतीजवळ पेशव्याची फौज उधळून लावली. ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा होळकराने पराभव केला. बाजीराव सिंहगड आणि महाडमार्गे कोकणात गेला, तिथून वसईला, आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेचा तह स्वीकारला. २६ लाखांचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला. बारामती ते वसई या काही आठवड्यांच्या पट्ट्यात बाजीरावापुढे दुसरा मार्ग होता. होळकर त्याला परत बोलावत होता, आणि त्याच्या मागण्या घराण्याच्या हक्कांच्या होत्या, पेशवाई बुडवण्याच्या नव्हत्या. विठोजीचा बळी घेतल्यानंतर त्या शब्दावर विश्वास ठेवण्याची हिंमत बाजीरावात नव्हती. पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले असई आणि अडगावला हरले तेव्हा होळकर दूर राहिला. १८०४ मध्ये त्याने एकट्याने इंग्रज सेनानी मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली. १८०५ च्या सुरुवातीला भरतपुरापुढे इंग्रजांचे हल्ले पुन्हापुन्हा फसले. एक वर्ष आधी हे तिघे एकत्र असते तर गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्लीची मोहीम फसण्याची शक्यता खरीच होती. इंग्रज समूळ गेले असते असे नाही, पण लंडनच्या संचालकांना युद्धाचा खर्च आधीच खुपत होता आणि १८०५ मध्ये त्यांनी वेलस्लीला परत बोलावलेच.

परगण्यावर काय बेतले ते लढायांच्या इतिहासात दोन ओळींतही येत नाही. होळकराच्या पेंढाऱ्यांनी उभी पिके आणि गुरे नेली. १८०३ मध्ये पाऊस पडला नाही. १८०३-०४ च्या दुष्काळात इंदापूर भाग जवळजवळ ओस पडला. त्यानंतर बाजीरावाने मामलती इजाऱ्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली बोलेल त्याला परगणा. तो कमावीसदार एक-दोन वर्षांत घातलेला पैसा वसूल करी आणि जाई. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने ही पद्धत नेमकी वर्णन केली. पडीक जमीन वहितीस आणण्यासाठी हळूहळू चढणारा इस्तावा लावायचा, बियाण्याला तगाई द्यायची, वाईट सालाला सूट द्यायची, ही जुनी मराठी पद्धत इंग्रज येण्यापूर्वीच मोडकळीला आली होती. म्हणून १८१७ मधली पेशवाई टिकली असती तर रयत सुखी झाली असती, हे म्हणायला आधार नाही.

इंग्रजी अंमलाने जे आणले ते वेगळे संकट होते. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतावर सारा ठरवला. तो इतका जड झाला की शेतकरी गावे सोडू लागले. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नव्या पाहणीला सुरुवात केली, सारा उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी बांधून दिला. मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत इथे जन्मली. वहिती वाढली, हे मान्य केले पाहिजे. पण सारा आता रोखीत, ठरल्या तारखेला, पाऊस पडो न पडो. त्याआधी, प्रिंगलच्याच काळात, शेजारच्या पुरंदर भागात उमाजी नाईकाने रामोश्यांना घेऊन इंग्रजांविरुद्ध बंड केले. त्याला १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिले.

इंदापूरचा तीस वर्षांचा करार संपला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, कापसाचा भाव कोसळत असताना. १८६७ पासून फेरआकारणीत सारा अनेक गावांत निम्म्याने, काही ठिकाणी दुपटीपर्यंत चढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा होता. झाले असे की दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि निरक्षर कुणबी त्यावर अंगठा किंवा नांगराची निशाणी करू लागला. दिवाणी कोर्ट रोखा पाही, हिशेब पाहत नसे. पेशवाईतही सावकार होता, बारामतीच्या नाईकांसारखा प्रबळ सावकार होता, पण कुळाची जमीन लिलावात काढण्यासाठी सरकारचा बेलीफ त्याच्या दिमतीला नव्हता.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांची मागणी एकच होती : खतपत्रे आणि वह्या बाहेर काढा. कागद मिळाले की रस्त्यात होळी होई. धान्याची दुकानेही लुटली गेली. माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी पडला, आणि जिथे कागद निमूट दिले गेले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचले. लष्कर बोलवावे लागले, शेकडो लोक पकडले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ चा डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला. रोख्याच्या मागे जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टांना त्याने दिला. मराठी मुलखातल्या वसाहतविरोधी प्रतिकाराच्या इतिहासात या दंग्यांची जागा बाजूला ठेवली जाते, कारण त्यात राजा नाही, किल्ला नाही आणि झेंडा नाही. हा दोष इतिहासलेखनाचा आहे. राज्य गमावल्याचा गावाला बसलेला फटका कोणत्या रूपात होता, ते सुप्याच्या शेतकऱ्यांनी अचूक दाखवले : तो कागदाच्या रूपात होता.

स्वतंत्र मराठी राज्य एकोणिसाव्या शतकात कसे चालले असते, याचा अंदाज बांधायला एक अपुरे साधन आहे, मराठी संस्थानांचे. त्याच मे १८७५ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाड गादीसाठी दत्तक आले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश मुलखात ते तेव्हा कुठेच नव्हते. १९०२ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मागास वर्गांना सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मराठी राज्यकर्ते आधुनिक होऊ शकले नसते, हा तर्क या दोन उदाहरणांनी निकालात निघतो. पण दोन्ही संस्थाने इंग्रजांच्या छत्राखाली होती आणि त्यांना फौजेचा खर्च आणि वारसायुद्ध यांची चिंता नव्हती, हेही तितकेच खरे.

‘टिकली असती तर’ या प्रश्नात कोणासाठी, हा प्रश्न दडलेला असतो. लोकहितवादींनी शतपत्रांत पेशवाईच्या अज्ञानावर कठोर टीका केली. जोतीराव फुल्यांना पेशवाई जाण्याचे दुःख नव्हते. शूद्रातिशूद्रांना त्या राज्यात माणूस म्हणून जागा नव्हती, हे त्यांचे म्हणणे पुराव्याने खोडता येत नाही. तेच फुले १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये इंग्रजी साऱ्याखाली आणि सावकाराखाली भरडलेल्या कुणब्याची स्थिती मांडतात. न. चिं. केळकरांच्या १९१८ च्या ‘मराठे व इंग्रज’ मध्ये राज्य का गेले याची चर्चा आहे, राज्य कोणाचे होते याची कमी आहे. पुढच्या अभ्यासाने हे दोन्ही प्रश्न एकत्र धरले पाहिजेत.

त्यासाठी साधने कमी नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर मोडी कागदांनी भरलेले आहे. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातून ४५ खंड काढले, ते बहुतेक राजकारणाचे. परगण्यांचे ताळेबंद, सुटीचे हुकूम, तगाईच्या याद्या आणि सावकारांची येणी यांवर त्या मानाने फार थोडे काम झाले आहे. मोडी वाचणाऱ्या तरुण अभ्यासकांनी पानिपत आणि असई काही काळ बाजूला ठेवून सुपे, बारामती आणि इंदापूरच्या जमाखर्चाचे रुमाल उघडावेत.